संतान मापाड्याचं प्रायश्चित्त

दाणाबाजारात मी सत्तावीस वर्षं मेहताजी होतो, आधी मशीद बंदरला आणि बाजार हलल्यावर वाशीला. मेहताजी म्हणजे गाळ्यावर बसून लिहिणारा. एवढ्या वर्षांत हुशार माणसं मला ढिगानं भेटली आणि त्यांतलं एकही आता धड आठवत नाही. आठवतो तो संतान रुमाव. हा माणूस हुशार अजिबात नव्हता. एका मार्च महिन्यात त्यानं आमची अख्खी गल्ली तुंबवून ठेवली आणि वर मलाच म्हणाला, "दिनानाथ, मी पुकारतो, तू लिहितोस. मग अर्धं पाप तुझं." त्या वाक्याबद्दल मी अजून त्याच्यावर थोडा चिडलेला आहे.

संतान वसईकडचा, ख्रिस्ती. वडिलांची केळीची वाडी होती, पण वाडी एक आणि भाऊ पाच. म्हणून हा एकोणिसाव्या वर्षी मुंबईला आला आणि मापाडी झाला. मापाडी पोतं काट्यावर घेतो आणि वजन मोठ्यानं पुकारतो. तो पुकारणार, मी लिहिणार आणि माथाडी पोतं पाठीवर घेऊन आतल्या थप्पीवर चढवणार, असा आमचा दिवस. संतान उंच, काटकुळा, पण आवाज असा की चार गाळे पलीकडचा शेठ दचकून चहा सांडायचा. चर्चमध्ये गाणाऱ्यांत तो पुढं उभा राहायचा आणि बाजारातही सुरातच पुकारायचा. पहिल्या पोत्याला मापाडी 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. संतानचा 'लाभ' ऐकून नवं गिऱ्हाईक हमखास मागं वळून बघायचं. त्याची बायको नातालीन सांगायची, "घरी भात वाढताना पण ओरडतो हा. शेजारी विचारतात, आज काय उतरवलंत?"

त्याची एकच खोड मला सहन होत नसे. रविवारी चर्चमध्ये फादर इनास जे बोलायचे ते सोमवारी डबा खाताना आम्हांला ऐकावं लागे. त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याण्णव साली, फादरांनी कामगारांसाठी एक अभ्यासवर्ग काढला होता. तिथनं संतान एक पातळसं पुस्तक घेऊन आला. पोपसाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी मजुरांबद्दल पत्र लिहिलं होतं, त्याची माहिती त्यात होती. संतान चटणीभाकरी खाणाऱ्या माथाड्यांच्या टोळीसमोर उभा राहून ते समजावून सांगायचा. काम करणारा माणूस कामापेक्षा मोठा, एकाचं दुखणं सगळ्यांचं, वगैरे.

टोळीचा मुकादम रणजीत साताऱ्याकडचा, पाटणचा गडी. दंड असे की शर्टाच्या बाह्या शिंप्याकडून उसवून घेतलेल्या. तो म्हणायचा, "पोपसायबांस्नी म्हनावं, या एकदा वाशीला. एक पोतं उचला, मंग बोला."

सगळे हसायचे. संतानही हसायचा. मग तोंड पुसून काट्यावर उभा राहायचा आणि पुस्तकाचा विषय तिथंच संपायचा.

आता ही गोष्ट कळायला बाजारातल्या दोन रिती ठाऊक हव्यात. पहिली मापाड्याची. ट्रक आला की नियमानं प्रत्येक पोतं मोजायचं. पण तसं कोण करतं? फाळका, म्हणजे ट्रकचा मागचा दरवाजा, पडला की पुढची तीन पोती काट्यावर घ्यायची, ती शंभर किलोची निघाली की बाकीच्या मालाला "तसंच, तसंच" म्हणायचं. संतान 'तसंच'ही सुरात म्हणायचा आणि मी खाली शंभर, शंभर लिहीत जायचो. मालाचा व्यवहार रस्त्यावरच्या मोठ्या काट्यावर, सबंध ट्रकच्या वजनावर ठरे, त्यामुळे शेठचं नुकसान होत नसे. हमाली मात्र पोत्यागणिक. माल पाठवणाऱ्यांनी हे बरोबर हेरलं होतं. पोती ठासून भरली की पोती कमी लागतात आणि हमालीही कमी. फक्त पुढची तीन पोती नेमकी शंभराची ठेवायची.

दुसरी रीत टोळीची. 'जड' हा शब्द तिथं कुणी उच्चारायचा नाही. पाठीवर घेतलेलं पोतं जड आहे असं म्हणणारा गडी टोळीतून उठला म्हणून समजा. फारच झालं तर "पोतं जेवून आलंय" एवढं म्हणायची सवलत होती, तीही हसत. चौदा जण, मिळेल ते चौदांत सारखं वाटून घेणारे. त्यामुळे ज्याला पूर्ण पोतं उचलत नाही त्यानं आपण होऊन गावी जावं, नाहीतर टोळी शनिवारी बसून त्याला सांगेल. असं ठरलेलंच होतं, आणि त्यात कुणाला काही चूक वाटत नव्हती. मलाही वाटत नव्हती.

कोंडिबा या टोळीतला सगळ्यांत जुना माणूस. वय चोपन्न, वजन पन्नासच्या आसपास, बोलणं जवळजवळ शून्य. रणजीतला मुंबईत आणलं ते त्यानंच. थप्पीवर चढायची फळी कशी धरायची, श्वास कुठं सोडायचा, हे रणजीत त्याच्याकडून शिकला. मार्चातल्या एका सोमवारी हरभऱ्याचा ट्रक उतरत होता. संतान "तसंच" म्हणाला, मी शंभर लिहिलं आणि कोंडिबा फळीच्या चौथ्या पावलावरून पोत्यासकट खाली आला.

हाड मोडलं नव्हतं, पण पाठ धरली होती. आम्ही त्याला खाली पोत्यांवर झोपवलं. रणजीतनं विचारलं, "आप्पा, काय झालं?"

"पाय घसरला," कोंडिबा म्हणाला.

 टोळीत पाय घसरला म्हणजे वय झालं, हे सगळ्यांना कळलं. रणजीत माझ्या टेबलाशी आला आणि बाहेर बघत म्हणाला, "सनवारी बसावं लागंल, मेहताजी. माज्याच तोंडानं सांगायचं आलं." त्याचा आवाज मला चांगला वाटला नाही. कोंडिबाला पस्तीस वर्षांची जागा सोडायला पाच दिवस होते.

संतानने त्या दिवशी डब्याच्या वेळी पुस्तक काढलं नाही. मंगळवारी संध्याकाळी मात्र उत्साहात आला आणि मलाही ओढून कोपरखैरण्याला घेऊन गेला. हातात भली मोठी पिशवी होती. चर्चमधल्या लोकांनी गरिबांसाठी जमवलेली मदत होती: तांदूळ, तूरडाळ, दुधाची पावडर आणि कुणाच्या तरी दोन जुन्या पँटी. बोनकोड्याच्या बाजूला माथाड्यांच्या चाळवजा घरांत कोंडिबाची खोली. कोंडिबा पालथा पडलेला आणि त्याची बायको बाळाबाई त्याच्या पाठीला तेल चोळत बसलेली. संतानने पिशवी पुढं ठेवली आणि माणसानं माणसाला मदत करावी अशा अर्थाचं काहीतरी बोलला. मला वाटतं पुस्तकातलंच होतं.

बाळाबाईनं पिशवीत डोकावून पाहिलं. पँट बाहेर काढून नवऱ्याच्या पायाला लावून पाहिली. चांगली वीतभर लांब होती.

"ही कुनाची?" तिनं विचारलं.

"आमच्या चर्चमधल्या एका साहेबाची."

"सायबाला सांगा, पाय कापून घ्यावं लागतील आमच्या मानसाचं... न्हाय, वाढवून घ्यावं लागतील." ती स्वतःच हसली. मग पँटीची नीट घडी घालून तिनं पिशवीत ठेवली आणि पिशवी संतानकडे सरकवली. "भाऊ, तुमी आलासा, लई बरं वाटलं. च्या पिऊन जा. पर हे न्हाय घ्यायचो आमी. एक इचारू का?"

"विचारा ना, वहिनी."

"त्या दिशी पोतं शंभरचं व्हतं?"

"शंभरचं," संतान म्हणाला.

"तुमी मोजलं व्हतं?"

कोंडिबा पालथ्या पालथ्याच गुरगुरला, "बाळे, गप."

"मी न्हाय गप बसायची. पंचवीस वर्सं ही पाठ चोळतीया मी. दिवाळीपास्नं येगळी लागतीया हाताला. ह्यो मानूस काय बोलायचा न्हाय, ह्याला लाज वाटती. म्हनून तुमाला इचारते. मोजलं व्हतं का न्हाय, येवढंच सांगा."

संतान चहाच्या कपाकडे बघत बसला. इतक्या वर्षांत त्याचा आवाज मी पहिल्यांदाच गेलेला पाहिला. खरं सांगायचं तर मीही त्या वेळी भिंतीवरच्या कॅलेंडरात एकादशी कधी आहे ते शोधत होतो. परतताना पिशवी आळीपाळीनं धरत आम्ही चालत आलो. तो एवढंच म्हणाला, "दिनानाथ, मोजलं नव्हतं रे." आणि मग ते अर्ध्या पापाचं वाक्य.

ख्रिस्ती लोकांचा तो उपवासकाळ होता. ईस्टरच्या आधी फादरांपुढं जाऊन पाप कबूल करायचं असतं. हा कबुलीजबाब गुप्त असतो म्हणतात. फादर इनासांच्या बाजूनं तो असेलही. संतानच्या बाजूनं मात्र तो गुरुवारी सकाळी चहाच्या टपरीवर सगळ्या बाजाराला पाठ झाला होता. बुधवारी रात्री त्यानं जाऊन सांगितलं होतं की, फादर, मी न मोजता शंभर म्हणालो आणि एक माणूस पडला. मग त्याच्या घरी तांदूळ घेऊन गेलो.

"फादर काय म्हणाले माहितेय?" संतान सांगत होता. "म्हणाले, जे त्याच्या हक्काचं आहे ते आधी दे. ते न देता दान घेऊन गेलास, तर तुझं देणं दयेच्या पिशवीत लपवलंस. मी म्हटलं, प्रायश्चित्त काय करू? दहा प्रार्थना? वीस? म्हणाले, प्रार्थना घरी कर. उद्यापासून पोती मोज. सगळी."

"आणि तू मोजणार?" मी विचारलं.

"टेन्शन नको घेऊ. तू फक्त बसून लिही."

दहा वाजता हरभऱ्याचा दुसरा ट्रक लागला, त्याच पाठवणाऱ्याचा. फाळका पडला. संतानने गळ्यातला क्रूस शर्टात सरकवला आणि "लाभ" असा आवाज काढला की टपरीवरचे लोक उठून उभे राहिले. लाभ, शंभर. दोन, शंभर. तीन, एकशे एक. टोळीनं चौथं पोतं सरळ आत न्यायला घेतलं, तर हा आडवा.

"काट्यावर."

"आरं, तसंच हाय त्ये."

"काट्यावर ठेव."

चौथं पोतं एकशे अठरा भरलं. संतानने ते पूर्ण आवाजात पुकारलं. पाचवं एकशे बावीस. सहावं एकशे सव्वीस. प्रत्येक पोतं आधी काट्यावर, मग खाली, मग पुन्हा पाठीवर. वेळ तिप्पट लागू लागला. मागं चार ट्रक थांबले आणि हॉर्न वाजवू लागले. टोळी तर सगळ्यांत आधी भडकली, कारण पोती कमी उतरली की त्यांचाच दिवस बुडणार होता.

"ए पाद्री," रणजीत ओरडला, "पोती मोजतूस का जपमाळ वडतूस?"

"दोन्ही," संतान म्हणाला आणि पुढचं पोतं पुकारलं.

मग आमचे शेठ बाहेर आले. शेठ कच्छी, भला माणूस, पण थांबलेला ट्रक पाहिला की त्यांचा जीव वर-खाली व्हायचा. "संतानभाई, हे काय चाललंय?"

"प्रायश्चित्त चाललंय, शेठ."

"कोणाचं?"

"माझं. पण पोती तुमची."

शेठनी माझ्याकडे बघितलं. मी कधी नव्हे ते मान खाली घालून मन लावून लिहीत होतो. एकशे अठरा, एकशे बावीस, एकशे सव्वीस. तोवर एवढं खरं मी कधी लिहिलं नव्हतं.

सोमवारी कोंडिबाच्या पाठीवरून पडलेलं पोतं अजून कोपऱ्यात होतं. फाटलं होतं ते शिवून ठेवलेलं, कुणी थप्पीला लावलं नव्हतं. संतानने ते दोघांना धरायला लावून काट्यावर आणलं. काटा हलायचा थांबेपर्यंत तो थांबला. मग पुकारलं, आणि या वेळी सूर नव्हता.

"एकशे एकतीस."

 रणजीत पुढं झाला. त्यानं ते पोतं पाठीवर घेतलं, फळीवर पाय ठेवला आणि चढला. चौथ्या पावलाला त्याचा गुडघा थरथरला, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. वर जाऊन त्यानं पोतं थप्पीवर टाकलं, खाली उतरला, डोक्याचा टॉवेल काढून तोंड पुसलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला:

"जड हाय."

 तो पुन्हा म्हणाला, "लई जड हाय. मला बत्तीस वरीस हायेत, आनि मला जड हाय. आप्पा चोपन्नाचा."

पुढं जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. तेरा धडधाकट गडी, मिशांना पीळ भरणारे, एकदम तक्रारी सांगायला लागले. कुणाची मान, कुणाचा खुबा, कुणाला रात्री कुशीवर वळता येत नव्हतं, एकाला तर पोराला खांद्यावर घेता येत नव्हतं. इतकी वर्षं प्रत्येकाला वाटत होतं की फक्त आपलंच कमी होत चाललंय. जो तो दुसऱ्याचं ऐकून "तुला बी?" असं विचारत होता आणि खूश होत होता. माहेरी आलेल्या बायकांसारखी त्यांची बडबड चालली होती. संतान काट्याला टेकून ऐकत होता, आणि पुस्तकातलं एक वाक्यही त्याला मध्ये घालावंसं वाटलं नाही, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

शेवटी रणजीत शेठकडे वळला. "शेठ, शंभरच्या वरचं पोतं टोळी उचलनार न्हाय. फोडून भरा. फोडायची, भरायची हमाली येगळी."

शेठनी मागच्या चार ट्रकांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि फोनवर जाऊन माल पाठवणाऱ्याला कच्छीत असं काही सुनावलं की आम्हांला भाषा न येऊनही बरं वाटलं. तासाभरात रिकामी बारदानं आली. हरभरा गाळ्यासमोर ओतून पुन्हा भरला गेला. सगळ्यांच्या केसांत भुसा गेला. शेठनी चहा सांगितला आणि पहिला कप संतानला देत म्हणाले, "तुझ्या फादरला सांग, पुढच्या वेळी प्रायश्चित्त रविवारी ठेवायचं. बाजार बंद असतो."

शनिवारी टोळी बसली ती पाच मिनिटं. रणजीत एकटाच उठून कोपरखैरण्याला गेला आणि कोंडिबाला म्हणाला, "आप्पा, पाठ बरी झाली की या. घाई न्हाय. वाटनी चौदातच व्हनार." कोंडिबानं विचारलं म्हणे, "दया करतायसा काय रं?" रणजीत म्हणाला, "न्हाय. एकशे एकतीस व्हतं त्ये."

त्यावर कोंडिबानं भिंतीकडे तोंड फिरवलं. बाळाबाई सांगते की तो रडत होता. तो सांगतो की तेल डोळ्यांत गेलं होतं.

तीन आठवड्यांनी, ईस्टर होऊन गेल्यावरच्या सोमवारी, कोंडिबा कमरेला घट्ट धोतर गुंडाळून बाजारात हजर झाला. सगळे आपापलं काम करत असल्याचं दाखवत त्याच्याकडेच बघत होते. संतानने पोतं काट्यावर घेतलं. "लाभ! नव्व्याण्णव!" कोंडिबानं ते घेतलं, फळी चढला, थप्पीवर ठेवलं, उतरला. टॉवेलनं मान पुसत तो काट्याशी आला. संतान गेले तीन आठवडे ज्या वाक्याची तयारी करत होता ते त्यानं एकदाचं बोलून टाकलं.

"कोंडिबा, माझं चुकलं. मला माफ कर."

कोंडिबानं त्याच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. इतकं लांब बोलताना मी त्याला आधी कधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही.

"तुजा फादर माफी दिऊन मोकळा झाला. त्याला काय, त्याच्या पाठीवर न्हवतं. मी न्हाय येकदम द्यायचो. तू रोज मोज. जेवढी पोती मोजशील, तेवढी तेवढी दितो."

संतानने मान डोलावली आणि पुढचं पोतं काट्यावर घ्यायला सांगितलं.